पहिली इंटरनेट लाइन बंद पडली तरी पीएफसेन्स फायरवॉल दुसरीवर का जात नाही?

तुमचं सेटिंग बहुधा बरोबर आहे, फायरवॉलला लाइन मेल्याचं कळतच नाहीये. पीएफसेन्स (फायरवॉलचं सॉफ्टवेअर) मुळात गेटवेलाच, म्हणजे त्या लाइनवरच्या पुढच्या उपकरणालाच, पिंग करून 'आहेस का?' असं विचारत राहतं. तो गेटवे म्हणजे तुमच्या टेबलावरचा मोडेम असेल, तर बाहेरची फायबर तुटली तरी मोडेम इमानेइतबारे उत्तर देतो आणि स्टेटसला 'ऑनलाइन' दिसतं. म्हणून प्रत्येक गेटवेला बाहेरचा मॉनिटर आयपी (पिंग करून तपासायचा इंटरनेटवरचा पत्ता) द्या: एकाला ८.८.८.८, दुसऱ्याला १.१.१.१. दोघांना एकच पत्ता चालत नाही.

मग गेटवे ग्रुप, म्हणजे कुठली लाइन आधी आणि कुठली नंतर (टियर) हे ठरवणारा गट. मुख्य लाइन टियर १, राखीव टियर २. दोन्ही एकाच टियरमध्ये टाकल्या तर लोड वाटला जातो. पण तो कनेक्शननुसार, त्यामुळे ५० आणि ५० मिळून एका डाउनलोडला १०० एमबीपीएस मिळेल ही आशा सोडा. शिवाय मध्येच आयपी बदलला की बँकेच्या साइट लॉगआउट करतात. मी तरी ४४३ पोर्टसाठी (https साइट यावरून चालतात) वेगळा नियम करून तो राखीव पद्धतीच्या ग्रुपवर टाकतो.

एवढं करून बरेच जण ग्रुप वापरायलाच विसरतात! लॅनच्या (आतल्या नेटवर्कच्या) नियमात अ‍ॅडव्हान्स्डखाली गेटवे म्हणून तो ग्रुप निवडा. डीएनएस सर्व्हरही (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधून देणारे) प्रत्येक लाइनला एक असा बांधून द्या, नाहीतर लाइन चालू आणि साइट उघडेना अशी गंमत होते.

तपासताना फायरवॉलची वायर उपटू नका, मोडेममागची बाहेरून येणारी काढा.