तपकिरी थराला घाबरू नका, पाणी सांभाळा

भाऊ, तुमच्या नव्या, खाऱ्या पाण्यातल्या कोरलच्या टाकीत काचेवर तपकिरी थर आला म्हणून ती मोडायला निघू नका. नव्या टाकीत ते डायटम (सूक्ष्म तपकिरी शेवाळ) येतातच आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतात.

खरी काळजी पाण्याची. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, साबणालाही फेस येत नाही. ते टाकीत अजिबात नको. आरओ-डीआय फिल्टरमधून क्षार काढलेलंच वापरा, मीठ घालण्याआधी त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्य आहे का ते दर वेळी बघा.

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४ वर गेला की पाणी झपाट्यानं उडतं. पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून रोजची भर बिनमिठाच्या आरओ-डीआय पाण्याचीच. पहिल्या उन्हाळ्यात मी मिठाचं पाणी ओतत राहिलो. झोआ (फुलांसारखे दिसणारे छोटे कोरल) मुठीसारखे मिटले ते परत उघडलेच नाहीत. काचेवर पेनानं रेघ मारा आणि रोज सकाळी रेघेपर्यंत भरा.

सध्या एवढंच मोजा:
- खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ)
- तापमान २५ ते २७ अंश. आपल्या कोरड्या हवेत पाण्यावर सोडलेला छोटा पंखाही बराच उतार देतो
- अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) ८ ते ९ डीकेएच, हे तिचं एकक. आकड्यापेक्षा तो स्थिर राहणं महत्त्वाचं
- नायट्रेट, फॉस्फेट. कमी हवेत, पण शून्य नकोत

हिरवं केसाळ शेवाळ आलं तर औषध ओतू नका. हातानं उपटा, खाणं निम्मं करा, दिवे ८ तासांवर आणा, गोगलगायी सोडा. महिनाभर धीर धरा. कॅल्शियमच्या डोसिंगचं (मोजून कॅल्शियम घालण्याचं) नंतर बघू. आधी चार-सहा कोरल नीट उघडू द्यात.