पहिलं घर धाब्याचं काढ

इमारतींची चित्रं काढायला धुळे जिल्ह्यातल्या बळसाण्याच्या जुन्या दगडी देवळांपासून सुरुवात करायचं म्हणतोस, पण ती आत्ता नको. कोरीव काम दिसलं की हात तपशिलात अडकतो आणि इमारतीचा आकार निसटतो. आपल्या खान्देशात धाब्याची घरं आहेत ना, मातीच्या सपाट छताची? आकार साधा, खोक्यासारखा. घराचा कोपरा समोर येईल असा बैस, म्हणजे दोन भिंती एकदम दिसतील.

आधी डोळ्यांच्या पातळीची आडवी रेघ हलकेच ओढ. बसलास की उभा आहेस त्यावर ती ठरते, म्हणून मध्येच उठू नकोस. या रेघेच्या वरचे काठ लांब जाताना खाली उतरतात, जोत्याचा काठ वर चढतो. मन हे मानत नाही. ते म्हणतं, छत तर सपाट आहे! तेव्हा पेन्सिलीचं ऐक. हात कोपरात ताठ, एक डोळा मिटलेला. पेन्सिल घराच्या दिशेला झुकवायची नाही, समोर काच आहे असं समजून तिच्यावर टेकवल्यागत धरायची आणि घराच्या काठाशी जुळवायची. पेन्सिलीचा तोच कल कागदावर उतरव. दाराची उंची भिंतीत किती वेळा बसते, तेही असंच मोज. खोडरबर पिशवीतच राहू दे. चुकलेली रेघ शेजारी असली की बरोबर रेघ लवकर सापडते.

सावल्यांच्या कडा पहिल्या १० मिनिटांत आखून टाक, त्या सरकतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा सकाळी ९ च्या आत आटोप. कागदावर थेट ऊन घेऊ नकोस. डोळे दिपतात, आणि छटा नको तितक्या गडद होतात. २बी आणि ४बी या मऊ शिशाच्या पेन्सिली पुरेत.