मिग-२१ जोडायला घेण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

मिग-२१ लढाऊ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं किट घेतलंस हे वाचून फार बरं वाटलं. तेही एफएल, म्हणजे आपल्याकडे बनलेला प्रकार! १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी. २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलाने चंदीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा आता ही विमानं आपल्या टेबलांवरच बघायची.

सूचनापत्रातली पहिली पायरी कॉकपिटची आहे, तिथून डोळे मिटून पुढे जाऊ का, असं विचारलंयस. नको. पत्रात जोडणीचा क्रम असतो. रंग कधी द्यायचा, घासायचं कधी, कुठला भाग शेवटपर्यंत बाजूला ठेवायचा, हे आपलं आपणच ठरवावं लागतं. निपर (भाग कापायची पक्कड) हातात घेण्याआधी वहीचं एक पान घे आणि प्रत्येक भागापुढे लिही: हा चिकटवल्यावर ब्रश आणि पॉलिश पेपर इथे पोचेल का? पोचणार नसेल तर रंग आधी. पोचत असेल, पण हाताळताना भाग मोडण्याची भीती असेल, तर तो शेवटी. बाकी सगळं जोडून, घासून मग एकत्र रंगवायचं.

मिग-२१ म्हणजे मुळात एक लांबलचक नळकांडं. पुढून हवा आत, मागून झोत बाहेर. धडाचे दोन अर्धे भाग एकदा मिटले की कॉकपिट, झोतनळीची आतली बाजू आणि नाकात ठेवायचं वजन कायमचं बंद. नाकातला कोन, म्हणजे तो शंकूसारखा भाग, काही किटमध्ये पुढून नंतर बसवता येतो, काहींत तो आतच अडकवावा लागतो. गोंद न लावता बसवून बघ आणि पानावर नोंद कर. रंगवलेल्या भागांच्या चिकटवायच्या कडांवरचा रंग खरवडून काढायला विसरू नकोस, कारण प्लास्टिक विरघळवणारं सिमेंट रंगावर धरत नाही.

वजनाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण घाईत हेच राहून जातं. वजन कमी पडलं तर विमान शेपटीवर बसतं आणि तोवर धड बंद झालेलं असतं. दोन्ही अर्धे मास्किंग टेपने जोड, पंख आणि शेपटीचे भागही टेपनेच लाव आणि मुख्य चाकं जिथे येणार तिथे खाली आडवी पेन्सिल धर. नाक ठामपणे खाली झुकेपर्यंत कॉकपिटच्या आजूबाजूला आणि कोनाच्या पोकळीत शिशाच्या गोळ्या भरत जा, वर थोड्या जास्तच घाल. त्या अराल्डाइटने बसव. फेविकॉलमध्ये शिसं काही वर्षांनी फुगतं आणि सांधे उकलतात.

पंख मात्र रंगाआधीच जोड, त्यांच्या बुडाशी फट राहते आणि ती पुट्टीने भरावी लागते. एफएल बहुतेक उघड्या धातूच्या रंगातच उडत, आणि चंदेरी रंग काही म्हणजे काही झाकत नाही. सांधा निदान एक दिवस वाळू दे, मग हजार नंबरच्या पेपरपर्यंत घास, प्रायमर मारून ओरखडे शोध, पुन्हा घास. त्यावर चकचकीत काळा आणि मग चंदेरी. या टप्प्याला पानावर भरपूर जागा सोड. सांधा वाळत असताना के-१३ क्षेपणास्त्रं आणि चाकं रंगवून होतात.

कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरची काच, फेविकॉलनेच चिकटव. फेविक्विकसारख्या गोंदाच्या वाफेने काच पांढुरकी होते. ती टेपने झाकून रंगाआधी लावलीस की फटही भरता येते. डिकॅल (विमानावरची चिन्हं आणि आकडे) चकचकीत थरावरच लाव, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. चाकं, दारं, मागचे आडवे पंख आणि क्षेपणास्त्रं त्यानंतर. नाकावरची पिटो नळी (वेग मोजणारी बारीक दांडी) सगळ्यात शेवटी, तीच बाहीत अडकते.

भर पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे मारू नकोस, दमट हवेत थर दुधाळ होतो. जुलै-ऑगस्टमध्ये आतलं काम आणि जोडणी उरकून घे, रंग दसऱ्यानंतर.

पान लिहून झालं की फोटो काढून पाठव. मी बघून कळवतो, तोवर स्प्रूवरून, म्हणजे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात तिच्यावरून, काही कापू नकोस. हवं तर सगळे स्प्रू साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळत ठेव.

तुझा,
काका