दणक्यात रॉक, पण आवाज न फाटता

प्रश्न : खोली ४ मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद, बसायची जागा स्पीकरपासून ३ मीटरवर. आताच्या छोट्या स्पीकरांवर आवाज वाढवला की गिटार कर्कश होते आणि ड्रमचा दणका मात्र हरवतो. नवे स्पीकर किती वॉटचे घ्यावेत?

उत्तर : वॉटचा आकडा सगळ्यात शेवटी पाहा. स्पीकर किती जोरात वाजेल हे तो सांगत नाही. किती ताकद सोसून स्पीकरमधली तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, शाबूत राहील, एवढंच सांगतो. तुमच्या कामाचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो.

समजा तो ८७ आहे. ३ मीटरपर्यंत पोहोचताना साध्या खोलीत ६-७ डेसिबल गळतात आणि दोन स्पीकर मिळून ३ परत येतात. म्हणजे तुमच्या खुर्चीत १ वॉटला साधारण ८३. स्नेअर ड्रमचा फटका १०३ पर्यंत जायला हवा असेल तर अजून २० डेसिबल हवेत. दर १० डेसिबलला दहापट ताकद लागते, म्हणजे हे झाले प्रत्येक बाजूला १०० वॉट. तेच स्पीकर ९३ डेसिबलचे असतील तर २५ वॉटमध्ये काम भागतं. एक चलाखी मात्र ओळखायला शिका. बऱ्याच माहितीपत्रकांत '२.८३ व्होल्टला' असं छापलेलं असतं. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये तेवढ्या व्होल्टला १ वॉट जातो, ४ ओहमच्यात २. त्यामुळे ४ ओहमचा स्पीकर कागदावर ३ डेसिबलने फुगलेला दिसतो. ते वजा करूनच तुलना करा.

दणका हरवतो त्याचं कारण वेगळं आहे. किक ड्रमचा, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा, धक्का साधारण ५० ते ८० हर्ट्‌झमध्ये असतो, बास गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्‌झची. तेवढ्याच जोराने एक सप्तक खाली वाजवायचं तर स्पीकरच्या कोनला, म्हणजे पुढेमागे हलणाऱ्या शंकूसारख्या पडद्याला, चौपट हलावं लागतं. पाच इंची वूफरचा (खालचे सूर वाजवणाऱ्या भागाचा) कोन जेमतेम ९० चौरस सेंटिमीटरचा, आठ इंचीचा सव्वादोनशेच्या आसपास. लहान कोन हलून हलून आपल्या मर्यादेला टेकतो आणि तोच कोन गिटारचे मधले सूरही वाजवत असल्यामुळे तेही गढूळ होतात. शिवाय कॉइल तापते. तांब्याचं तापमान १०० अंशांनी वाढलं की रोध जवळपास ४० टक्क्यांनी वाढतो आणि आवाज अडीच-तीन डेसिबलने बसतो. आजकालच्या रॉकची बरीच रेकॉर्डिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठासून भरलेली असतात, कॉइलला थंड व्हायला उसंतच मिळत नाही.

तेव्हा आठ इंची एक किंवा साडेसहा इंची दोन वूफर, खरी सेन्सिटिव्हिटी ९० किंवा वर, आणि जमल्यास थ्री-वे, म्हणजे खालचे, मधले आणि वरचे सूर वेगवेगळ्या भागांतून वाजवणारा. आठ इंची टू-वे (दोनच भागांचा) घेणार असाल तर जरा सावध. दीड-दोन हजार हर्ट्‌झच्या वर एवढा मोठा कोन आवाज समोरच फेकतो, बाजूला कमी; गिटारचा चावा तर त्याच पट्ट्यात असतो. वरचे सूर वाजवणारा ट्वीटर हॉर्नमध्ये (कर्ण्यात) किंवा खोलगट तबकडीत बसवलेला असेल तर हा सांधा बरा जुळतो. मोठा कागदी कोन आणि हॉर्न ही जुनी जोडी रॉकवाल्यांना आवडते त्यामागे नुसता आठवणींचा ओलावा नाही, हे गणित आहे. जेबीएलचा एल-१०० हा स्टुडिओ मॉनिटरवरून बेतलेला, बारा इंची वूफरचा घरगुती स्पीकर १९७० साली आला. त्याच्या मागणीचं मूळही अशाच मोठ्या कोनात.

ऐकून घेताना पाठ असलेलं रेकॉर्डिंग न्या. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज डेसिबल मोजणाऱ्या मीटरने सारखा करा. एक डेसिबल जास्त असलेला स्पीकर उगाच 'भारी' वाटतो. मग घरी वाजवाल तेवढ्या जोरात सलग वीस मिनिटं वाजवा आणि झांजांकडे कान ठेवा. त्यांचा नुसता 'सस्स' होऊ लागला किंवा गायक पुढे येऊन ड्रम मागे पडला, तर ती जोडी तुमच्यासाठी नाही.

प्रश्न : स्पीकर १०० वॉटचे, अ‍ॅम्प्लिफायर फक्त ४० वॉटचा. तरी ट्वीटर दोनदा जळला. कसं शक्य आहे?

उत्तर : अ‍ॅम्प लहान, म्हणूनच. नॉब पुढे ढकलत गेलात की बासची शिखरं अ‍ॅम्पच्या मर्यादेच्या छताला लागून कापली जातात, पण वरच्या पट्टीचा आवाज वाढतच राहतो, आणि कापलेल्या कडांतून नवे तीव्र स्वर तयार होतात ते वेगळेच. हे सगळं ट्वीटरच्या वाट्याला येतं. पेटीवरचे १०० वॉट पूर्ण स्पीकरचे आहेत. ट्वीटरची केसासारखी बारीक कॉइल सतत काही मोजकेच वॉट सोसते. त्यात ट्रेबल १० डेसिबलने वाढवलेला असेल तर त्या पट्टीत ताकद दहापट जाते. ट्रेबल मध्यावर आणा आणि आवाज फाटायला लागला की नॉब मागे घ्या. नवा अ‍ॅम्प घेताना प्रत्येक बाजूला १०० वॉटच्या आसपासचा घ्या.

ट्वीटर खरंच जळलाय का हे क्रॉसओव्हरची, म्हणजे सूर वाटून देणाऱ्या आतल्या सर्किटची, वायर काढून मल्टिमीटरने बघा. स्पीकरच्या मागच्या टर्मिनलवर मोजून हे कळत नाही, मध्ये कपॅसिटर असतो आणि तो मल्टिमीटरचा प्रवाह अडवतो. ८ ओहमचा चांगला ट्वीटर ५-६ ओहम दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. दुसऱ्या बाजूचाही मोजा, त्यानेही तोच मार खाल्लेला असतो.

प्रश्न : बास गिटारचा एकच सूर खोलीभर घुमतो, बाकीचे ठीक. स्पीकर बदलू का?

उत्तर : नका. खोलीची लांबी मीटरमध्ये मोजा आणि १७२ ला तिने भागा. ४ मीटरच्या खोलीत उत्तर ४३ येतं; तेवढ्या हर्ट्‌झला खोली स्वतःच घुमते, आणि ते आहे बासच्या मोकळ्या 'ई' तारेच्या अगदी शेजारी. स्पीकर कोपऱ्यातून काढून मागच्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे घ्या, आणि स्वतः भिंतीला टेकून बसू नका. मागे पोर्ट, म्हणजे हवेचं भोक, असेल तर त्यात पायमोज्याचा बोळा घालून पाहा. थोडा बास जाईल, घुमणं बरंच कमी होईल.

प्रश्न : जाड महागड्या वायरने दणका वाढतो का?

उत्तर : पाच-सहा मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुरते. त्याऐवजी प्लस-मायनस तपासा. एका बाजूला उलटं जोडलं गेलं तर दोन्ही वूफर एकमेकांविरुद्ध हलतात, बास गायब होतो आणि मधोमध हवा असलेला गायकाचा आवाज दोन्ही कडांना विखुरतो.

प्रश्न : रोज किती वेळ जोरात ऐकलेलं चालेल?

उत्तर : कामाच्या जागी कानांसाठी वापरला जाणारा एक प्रचलित दंडक ८५ डेसिबलला ८ तासांचा आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. त्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं. ही सरासरी पातळी आहे, एखाद्या फटक्याची नव्हे. मोबाइलवरचं मीटर बसायच्या जागेवर धरून, 'ए' मापनावर (कानाला जाणवेल तसं मोजणाऱ्या) ठेवून बघा. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर मीटर काहीही दाखवो, नॉबची ती जागा खडूने खुणावून ठेवा आणि पुढच्या वेळी तिच्या अलीकडेच थांबा.