एकच येशू, एकच बायबल. मग फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर का उठले? धर्म नुसतं निमित्तच होतं ना?

नुसतं निमित्त होतं असं मीही बरीच वर्षं समजत होतो. आता तसं म्हणवत नाही.

सत्तेचा भाग होताच. १५५९ मध्ये राजा दुसरा हेन्री भाल्यांच्या खेळात जखमी होऊन मेला. थोरला मुलगा दीड वर्षातच गेला. मग गादीवर आला दहा वर्षांचा नववा चार्ल्स आणि कारभार गेला त्याच्या आईकडे, कॅथरिन द मेदिचीकडे. सरदार घराण्यांना रान मोकळं मिळालं. गीझ घराणं कट्टर कॅथलिक, तर कॉलिन्यीसारखे मातब्बर ह्युगेनॉट, म्हणजे फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांच्या बाजूचे. पण सरदारांच्या भांडणात पॅरिसचा साधा कारागीर शेजाऱ्याच्या घरात सुरा घेऊन का शिरेल?

त्यासाठी भाकरीकडे बघावं लागतं. मिस्साच्या, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेच्या वेळी धर्मगुरू अर्पण करतो ती भाकर ख्रिस्ताचं शरीर होते, अशी कॅथलिकांची श्रद्धा. आपल्या प्रसादासारखी ती देवापुढे ठेवलेली वस्तू नसते, ती साक्षात देव असते. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या अनुयायांना ही उघड मूर्तिपूजा वाटे. ऑक्टोबर १५३४ मध्ये मिस्साची निंदा करणारे कागद रातोरात भिंतींवर लागले, एक तर थेट राजाच्या शयनगृहाच्या दारावर. तोवर बऱ्यापैकी सौम्य असलेला हा राजा, दुसऱ्या हेन्रीचा बाप पहिला फ्रान्सिस, हादरला. जानेवारीत तो त्या पवित्र भाकरीच्या मिरवणुकीत उघड्या डोक्याने, हातात पेटती मेणबत्ती धरून पॅरिसमधून चालला, आणि त्याच दिवशी पाखंडी ठरवलेल्या माणसांना जाळण्यात आलं.

इथेच गाठ आहे. एका घराने देवाचा अपमान केला तर कोप साऱ्या गावावर होणार, साथ येणार, पीक बुडणार, असं लोक मनापासून मानत. त्यामुळे 'तू तुझा देव पूज, मी माझा' ही मुभा त्यांना चांगुलपणाची नव्हे, धोक्याची वाटे. १ मार्च १५६२ ला व्हासी गावात एका कोठारात प्रार्थना करणाऱ्या ह्युगेनॉटांवर गीझच्या माणसांनी हल्ला केला. पन्नासच्या आसपास माणसं मेली आणि पुढची छत्तीस वर्षं यादवी धुमसत राहिली.

१५७२ चा ऑगस्ट नीट पाहा. १८ तारखेला राजाची कॅथलिक बहीण आणि ह्युगेनॉट असलेला, नाव्हार या छोट्या राज्याचा राजा हेन्री यांचं लग्न झालं, दोन्ही पक्ष एकत्र यावेत म्हणून. २२ ला कॉलिन्यीवर गोळी झाडली गेली. तो वाचला, पण २४ च्या पहाटे त्याला घरात घुसून मारलं आणि प्रेत खिडकीतून खाली फेकलं. दरबाराने मारायचे ठरवले होते ते पुढारी. बाकीचं शहराने केलं, दंडाला पांढरी फडकी बांधून. त्याच सुमारास पॅरिसमधल्या इनोसंट्सच्या दफनभूमीतलं एक वठलेलं काटेरी झाड फुललं म्हणे, आणि देव प्रसन्न झाल्याची खूण म्हणून लोकांनी तिथे गर्दी केली. पॅरिसमध्ये दोन-तीन हजार माणसं मेली, पुढे इतर शहरांतही हेच झालं. त्या झाडाजवळ जमलेल्यांच्या मनात गादीचा हिशेब होता, हे मला पटत नाही.

१५९८ च्या नँटच्या फर्मानाने ह्युगेनॉटांना ठरावीक जागी उपासनेची मुभा मिळाली. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये ते रद्द केलं. त्याआधीपासूनच घराघरांत घोडेस्वार शिपाई उतरवून धर्मांतरं करवली जात होती. देश सोडायला बंदी, पुरुष सापडला तर गलबतावर वल्ही मारायची शिक्षा. तरीही दीड-दोन लाख माणसं निसटली.

दक्षिणेत एग-मॉर्त गावी ह्युगेनॉट बायकांना कोंडायचा बुरूज आहे. दोन वर्षांपूर्वी मी तो पाहिला. प्रचंड जाड भिंती, फटींसारख्या खिडक्या आणि वरच्या दालनात जमिनीत एक गोल भोक. त्याच्या दगडी काठावर एकच शब्द कोरलाय, अर्थ 'प्रतिकार करा'. तो मारी द्युराँने कोरला असं मानतात. भाऊ प्रोटेस्टंट धर्मोपदेशक, म्हणून तिला १७३० मध्ये धरलं. भावाला दोन वर्षांनी फाशी झाली. धर्म सोडला असं म्हटलं असतं तर ती सुटली असती. ती अडतीस वर्षं आत राहिली. मी वाकून त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, ओबडधोबड आहेत.

१७६८ मध्ये ती बाहेर आली. ह्युगेनॉट जोडप्याचं लग्न सरकारी दप्तरी नोंदवायची सोय झाली १७८७ मध्ये. ते पाहायला ती उरली नव्हती.