वाचक विचारतात : ग्लायोब्लास्टोमाच्या ट्रायलमध्ये जायचं तर

प्रश्न : वडील ५८ वर्षांचे. ग्लायोब्लास्टोमाची (मेंदूतल्या वेगाने वाढणाऱ्या कर्करोगाची) शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले. डॉक्टर शेक आणि गोळ्या सुरू करा म्हणतात, भाऊ म्हणतो आधी ट्रायल, म्हणजे नव्या औषधाची चाचणी, शोधू. थांबावं का? – एक वाचक, सांगली

शोधासाठी शेक लांबवू नका. सहा आठवड्यांत ३० वेळा मिळून ६० ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) रेडिएशन, म्हणजेच शेक, आणि सोबत टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या, ही २००५ पासूनची प्रमाणित पद्धत. ज्या अभ्यासावरून ती रूढ झाली, त्यात दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण शंभरात १० वरून २६ वर गेलं होतं. नव्या रुग्णांसाठीच्या बहुतेक ट्रायलमध्ये हाच उपचार पाया असतो आणि नवं औषध त्यावर चढवतात. म्हणजे ट्रायल मिळो न मिळो, शेक चुकत नाही. मात्र यातल्या बऱ्याच ट्रायलमध्ये शेक सुरू होण्याआधीच नाव घालावं लागतं. म्हणून शेकताना डोकं स्थिर ठेवणारा मास्क बनवणं, प्लॅनिंगचं सीटी स्कॅन ही तयारी चालू ठेवा आणि त्याच दिवसांत ट्रायलची चौकशी करा.

चौकशी कुठे? क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया, म्हणजे सीटीआरआयच्या संकेतस्थळावर. आजाराच्या नावाने शोधा, भारतातली भरती चालू आहे का ते पाहा. केंद्र आणि जबाबदार डॉक्टरांचा फोन तिथेच सापडतो. जून २००९ पासून अशी नोंदणी बंधनकारक आहे. ‘आमची ट्रायल आहे’ म्हणत लस किंवा स्टेम सेलसाठी पैसे मागणाऱ्याकडे आधी सीटीआरआय नंबर मागा. नसेल तर उठून या.

प्रश्न : फाइल घेऊन मुंबईला गेलो, ‘कागद अपुरे’ म्हणून परत पाठवलं. नक्की काय न्यायचं? – नाशिक

सगळ्यात जास्त अडतं ते ब्लॉकवर. काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून पॅथॉलॉजी लॅब ठेवते, तो ब्लॉक. ट्रायलची लॅब आयडीएच, एमजीएमटी यांसारख्या गाठीतल्या जनुकांच्या तपासण्या बऱ्याचदा स्वतः करते, नुसता रिपोर्ट चालत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात लेखी अर्ज करून ब्लॉक किंवा न रंगवलेल्या स्लाइड मागा. किती हव्यात ते ट्रायलच्या समन्वयकाला आधी विचारा. फक्त सुईने बायोप्सी झाली असेल तर तुकडा मुळात चिमूटभर, आणि चार ठिकाणी तपासण्या केल्या की तो संपतो. तसं असेल तर सेकंड ओपिनियनला पाठवतानाच हात आखडता घ्या. ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.

एमआरआयची फिल्म पुरत नाही, सीडी लागते. शस्त्रक्रियेआधीची हवी, तशीच नंतरच्या ७२ तासांतली. त्यापुढे जखमेची सूजही गाठीसारखी उजळ दिसते, मग किती गाठ उरली ते ठरवता येत नाही. शिवाय ऑपरेशन नोट, आणि शेक झाला असेल तर डोस व तारखा असलेला सारांश. बिलं नकोत.

आता गोळ्या. डेक्सामेथासोन (मेंदूची सूज उतरवणारं स्टेरॉइड) रोज किती मिलीग्रॅम आणि कधीपासून, ते लिहून न्या. स्टेरॉइड प्रतिकारशक्ती दाबतं, त्यामुळे इम्युनोथेरपीच्या (प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचाराच्या) ट्रायलमध्ये त्याच्या डोसवर मर्यादा असते. पण तेवढ्यासाठी ते आपल्या मनाने बंद करू नका : मेंदूची सूज उसळते, आणि बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम सोडलं तर बीपी कोसळू शकतं. फिटसाठी फेनिटॉइन किंवा कार्बामॅझेपिन चालू असेल तर तेही सांगा. या गोळ्यांमुळे यकृत इतर औषधं भराभर निकामी करतं, म्हणून अनेक ट्रायल त्या चालवून घेत नाहीत. लेव्हेटिरासेटॅम या फिटच्याच दुसऱ्या गोळीची ही अडचण नाही, पण बदल डॉक्टरच हळूहळू करतील. आणि गुळवेलीचा काढा, अश्वगंधा लपवू नका. दोन्हींमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्तात यकृताची एन्झाइम्स वाढलेली दिसली की नाव कटतं, आणि घरच्यांना कारण कळतही नाही.

प्रश्न : नुसती साखरेची गोळी देतील का? – कोल्हापूर

या आजारात तसं सहसा होत नाही. तुलनेच्या गटाला प्रमाणित उपचार मिळतो. आजार उलटला असेल तर तो बऱ्याचदा लोमुस्टिन हे केमोथेरपीचं औषध असतो. कोण कुठल्या गटात ते संगणक ठरवतो, ओळखीचा उपयोग नाही. आणि नवं औषध मिळालं म्हणजे जिंकलो, असंही नाही. निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध इतर कर्करोगांत गाजलं, ग्लायोब्लास्टोमाच्या मोठ्या ट्रायलमध्ये आयुष्य वाढवू शकलं नाही. बेव्हासिझुमॅब या गाठीच्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या औषधाने पहिल्या उपचारासोबत आजार वाढायला उशीर लावला, एकूण आयुर्मान तेवढंच राहिलं. फेज १, म्हणजे माणसांवरच्या चाचणीचा पहिला टप्पा, असेल तर मुख्य प्रश्न डोस किती सोसतो, हा असतो. सही करण्याआधी फेज विचाराच.

प्रश्न : आईला नीट बोलता येत नाही. सही कोण करणार? अपाय झाला तर? – पणजी

समजत असेल तर निर्णय त्यांचाच, वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. समजतच नसेल तर कायदेशीर प्रतिनिधी सही करतो. संमतीपत्र तुमच्या भाषेत मागा, घरी नेऊन वाचा. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाईही. गंभीर घटना डॉक्टरांनी २४ तासांत कळवायची असते. तक्रारीसाठी एथिक्स कमिटीचा (रुग्णांचे हक्क आणि सुरक्षा पाहणाऱ्या समितीचा) फोन संमतीपत्रावरच शोधा. बाहेर कधीही पडता येतं, फक्त सांगून पडा. जादा एमआरआय आणि प्रवासाचा खर्च कोणाचा, हे मात्र आधीच विचारून घ्या.

प्रश्न : शेक संपून महिना झाला, एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसते. दुसरी ट्रायल गाठावी का? – पुणे

घाई नको. शेकानंतरच्या पहिल्या १२ आठवड्यांत उपचाराच्या परिणामानेच गाठ फुगल्यासारखी दिसू शकते. तब्येत ठीक असेल तर डॉक्टर साधारणतः टेमोझोलोमाइड चालू ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करतात. आजार उलटलेल्यांसाठीच्या अनेक ट्रायलही या १२ आठवड्यांत रुग्ण घेत नाहीत. अपवाद दोनच : शेक दिलेल्या भागाबाहेर नवी गाठ दिसली, किंवा बायोप्सीत कर्करोग सिद्ध झाला.