जपानी विद्यापीठात गेस्ट लेक्चर? मग एंटरच्या बटणापासून सुरू करा

‘ताई’ म्हणून विचारलंत, तेव्हा जरा हक्कानं आणि सविस्तर लिहिते. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली नोकरी सोडून वेब डेव्हलपर म्हणून टोकियोला येताय, व्हिसाचं कंपनी बघतेय, आणि ओळखीच्या एका प्राध्यापकांनी त्यांच्या वर्गावर वेब डेव्हलपमेंटचं एक लेक्चर द्यायला बोलावलंय. मानधन घेतलं तर व्हिसाची भानगड होईल का, जपानी कितपत लागेल, आणि शिकवायचं काय?

व्हिसाचं आधी उरकते. तुम्हाला मिळेल तो बहुतेक ‘गिजिनकोकु’, आयटीवाल्यांचा नेहमीचा. त्यावर बाहेर कमाई करायची तर एरवी वेगळी परवानगी काढावी लागते. पण धंदा म्हणून न दिलेल्या व्याख्यानाचं मानधन इमिग्रेशन कायद्याच्या १९व्या कलमातच वगळलेलं आहे, त्यामुळे एखाददुसऱ्या लेक्चरची चिंता नको. तेच प्राध्यापक पुढे ‘दर आठवड्याला याल का?’ म्हणाले तर गोष्ट निराळी. ती ‘हिजोकिन कोशी’ची, म्हणजे अर्धवेळ अध्यापकाची नोकरी झाली. तिथे आधी परवानगी, मग होकार. शिवाय कंपनीच्या नियमावलीत ‘फुकुग्यो’वर, म्हणजे जोडकामावर, काय लिहिलंय ते बघा आणि एचआरला एक मेल टाकून ठेवा. कायद्याला चालतं म्हणून कंपनीला चालेलच असं नाही.

मानधनातून १०.२१ टक्के कर विद्यापीठच कापून घेतं. समजा २०,००० येन ठरले, तर खात्यात १७,९५८ येतील. करासाठी तुम्ही अजून जपानचे रहिवासी ठरला नसाल तर कपात २०.४२ टक्के. पगाराबाहेरची कमाई वर्षाला दोन लाख येनच्या आत असेल तर साधारण नोकरदाराला त्यासाठी आयकराचं विवरण भरावं लागत नाही. पण वॉर्ड ऑफिसच्या रहिवासी कराला ही सवलत नाही. आपली बरीच मंडळी इथे गाफील राहतात.

आता शिकवायचं काय. कृपा करून रिअ‍ॅक्ट या वेबपानं बांधायच्या साधनाची ओळख वगैरे करून देऊ नका. ते मुलांना यूट्यूबवर जपानीत मिळतं, तुमच्यापेक्षा चांगल्या जपानीत. त्यांना रोज छळणारा एक बग घ्या आणि तो उकलून दाखवा.

माझा आवडता बग एंटरचा. जपानीत टाइप करताना आधी उच्चार लिहायचा, ‘क्यो’, मग स्पेस दाबून हवी ती कांजी, म्हणजे चिनी वळणाची अक्षरं, निवडायची, आणि ती पक्की करायला एंटर. म्हणजे इथे एंटर दर वाक्यात दोनचार वेळा दाबलं जातं, आणि त्याचा अर्थ ‘पाठव’ असा नसतो. आपल्याकडे मराठी टाइप करताना सहसा हे करावं लागत नाही, त्यामुळे पुण्यात किंवा कॅलिफोर्नियात लिहिलेल्या चॅटबॉक्समध्ये एंटर दाबला की अर्धवट वाक्य पाठवलं जातं. वर्गात असा चॅटबॉक्स मुद्दाम चुकीचा बांधा आणि मुलांनाच टाइप करायला लावा. पहिला अर्धवट मेसेज गेला की हशा पिकतो, कारण हे प्रत्येकाच्या बाबतीत घडलेलं असतं. मग कीडाउन इव्हेंटमधला, म्हणजे कळ दाबल्याची ब्राउझर देतो त्या खबरीतला, ‘इज-कंपोझिंग’ दाखवा. शब्द अजून पक्का व्हायचाय का हे तो सांगतो: तो खरा असेल तर एंटरकडे काणाडोळा करायचा. नंतर अ‍ॅपलचा सफारी ब्राउझर उघडा. तिथे इव्हेंटचा क्रम बराच काळ उलटा होता, म्हणून जुन्या कोडमध्ये की-कोड २२९ची, म्हणजे ‘शब्द अजून जुळतोय’ सांगणाऱ्या कळ-क्रमांकाची, तपासणी अजून सापडते. तो आकडा तिथे का आलाय हे कोणीतरी सांगितलं की मुलांचे डोळे चमकतात.

वेळ उरला तर पूर्ण-रुंदीची स्पेस, म्हणजे एका जपानी अक्षराएवढी रुंद मोकळी जागा. जपानी कीबोर्डवरून ती नकळत कोडमध्ये शिरते. जावास्क्रिप्ट ही वेबची प्रोग्रामिंग भाषा तिला मोकळी जागा मानून सोडून देते. एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाच्या मांडणीच्या कोडमध्ये, मात्र दोन क्लासच्या (रंगरूप ठरवणाऱ्या नावांच्या) मध्ये ती पडली की दोन्ही मिळून एकच क्लास होतो आणि रंग का लागत नाही ते कळेना होतं. मी त्याच्या जोडीला ‘नमस्ते’ ठेवते. डोळ्यांना तीन अक्षरं, पण जावास्क्रिप्टला लांबी विचारली तर सहा. आपल्या लिपीचा इथे एवढा उपयोग होईल असं मलाही वाटलं नव्हतं.

भाषेचं म्हणाल, तर बोलणं इंग्रजीत चालेल का हे प्राध्यापकांशी आधीच ठरवा, पण स्लाइड जपानीतच करा, छोट्या वाक्यांत, आणि त्यांच्याकडून एकदा तपासून घ्या. ‘काही प्रश्न?’ असं विचारलंत की वर्ग चिडीचूप. घाबरू नका, तुमचं लेक्चर पडलेलं नाही. चारचौघांत हात वर करायची इथे पद्धतच कमी. दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायला सांगा, मग गटाचं उत्तर मागा. खरे प्रश्न येतात ते ‘रिअ‍ॅक्शन पेपर’वर, म्हणजे तासाच्या शेवटी मुलं लिहून देतात त्या चिठोऱ्यावर, किंवा तास संपल्यावर टेबलापाशी एकेकट्यानं. म्हणून लगेचची ट्रेन पकडायची घाई ठेवू नका. तिसऱ्या वर्षाची मुलं असतील तर निम्मे प्रश्न नोकरीचे असतील, कारण ती ‘शुकात्सु’च्या, नोकरी शोधण्याच्या, धावपळीत असतात.

स्वतःचा लॅपटॉप आणि एचडीएमआयचा अडॅप्टर न्या. लॅबच्या जपानी कीबोर्डवर शिफ्ट आणि २ दाबलं की ‘अ‍ॅट’च्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं, बॅकस्लॅशच्या जागी येन दिसतो, लाइव्ह कोडिंग करताना हात अडखळतो. प्राध्यापकांना उत्तर लिहाल तेव्हा तास ९० मिनिटांचा की १००, आणि मुलांपुढे लॅपटॉप असतील की नुसते फोन, हे विचारून घ्या. नुसते फोन असतील तर चॅटबॉक्सचा प्रयोग तुमच्या मशीनवर एकेकाला पुढे बोलावून करावा लागेल, आणि त्याला वेळ दुप्पट धरा.